टॅपेटचा आवाज

आमच्या भागात ज्याला टॅपेट कळतं तो मिस्त्री, बाकीचे नुसते पाना धरणारे, अशी जुनी समजूत आहे. आमचा भाग म्हणजे करमाळा आणि माढा तालुक्यांची शीव, उजनीच्या पाण्याच्या अलीकडचा माळ. इथं अजूनही रस्त्यानं एखादी गाडी टकटक करत गेली, की पारावर बसलेला म्हातारा मान न वळवता सांगतो, "टॅपेट आलंय त्याचं." आलंय म्हणजे ढिलं झालंय. खरं तर टॅपेट हे इंजिनातल्या एका भागाचं नाव, पण आमच्याकडं तो भागही टॅपेट, तिथली फटही टॅपेट आणि ती फट बसवायचं कामही टॅपेटच. मीही इथं तसंच लिहिणार आहे.

ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल-हवा आत येते, दुसरीतून जळालेला धूर बाहेर जातो. मिस्त्री लोक त्यांना वॉल म्हणतात. वॉलला लांब देठ असतो, छत्रीच्या दांडीसारखा. त्या देठाच्या टोकावर वरून एक आर्म टोला देतो, वॉल उघडतो, आणि स्प्रिंग त्याला परत ओढून बसवते. आता लोखंड तापलं की वाढतं, हे लोहाराच्या पोरालाही माहीत. इंजिन तापल्यावर देठ लांबला आणि त्याला वाढायला जागाच नसली, तर वॉल आपल्या बैठकीवर पुरा टेकत नाही, किंचित उघडा राहतो. म्हणून देठ आणि आर्म यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवतात. ती किती ठेवायची, एवढाच सगळा प्रश्न. पण या प्रश्नावर आमच्याकडं माणसांची चूल पेटलेली आणि विझलेलीही मी पाहिली आहे.

ही विद्या गावात मोटरसायकलवर बसून आली नाही. ती आली विहिरीवर. साताऱ्याच्या कूपरची, पुण्याच्या किर्लोस्करांची डिझेल इंजिनं विहिरींवर बसली, मोटा गेल्या, आणि त्याबरोबर इंजिनाची कुरकुर ऐकणारी माणसं लागायला लागली. आम्ही ज्यांना सगळे चाचा म्हणायचो ते टेंभुर्णीच्या बाजूचे मिस्त्री त्यातले एक. सायकलला पान्यांची पिशवी लटकवून ते या विहिरीवरून त्या विहिरीवर जायचे. जुनी लिस्टर पद्धतीची इंजिनं संथ, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारी. त्यांचे पुशरॉड बाहेरच, उघड्यावर, वर-खाली नाचताना दिसायचे. ज्याला बघायची हौस आहे त्याला इंजिन आपलं पोट उघडं करून दाखवत होतं म्हणा ना. तिथली फटही चांगली डोळ्यांना दिसेल एवढी असायची. चाचा थंड इंजिनावर ती पात्यानं मोजायचे. त्यांच्याकडं पात्यांचा जुडगा होता, फिलर गेज म्हणतात तो, कातडी पाकिटात ठेवलेला. रोज संध्याकाळी त्याला तेलाचं बोट लावायचे, चाकूला लावावं तसं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच कोरड्या पडल्या, तर इंजिनं काय करणार. पुढं पाणी आलं पण त्याबरोबर विजेचे खांबही आले. इलेक्ट्रिक मोटर बसली की डिझेल इंजिन गोठ्यात जायचं, त्यावर कोंबड्या बसायच्या. मोटारीला ना वॉल, ना टॅपेट. चाचांचं अर्धं काम तिथंच गेलं. तेव्हा ते हायवेच्या कडेला एका चिंचेखाली पत्र्याचं शेड टाकून बसले आणि बुलेटवर हात टाकायला लागले.

बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. १९५५ साली तिथल्या रॉयल एन्फिल्डनं मद्रास मोटर्सबरोबर मिळून मद्रासला एन्फिल्ड इंडिया काढली, तिरुवोट्टियूरला कारखाना घातला. पुढं रेडिचचा कारखाना बंद पडला आणि मद्रासचा चालू राहिला, म्हणजे मूळ घर ओस आणि दिलेल्या लेकीचा संसार भरलेला, असा प्रकार झाला. ३४६ सीसीचं एकच मोठं सिलिंडर, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. लष्कर आणि पोलिसांमुळं ती देशभर गेली. आमच्याकडं बुलेट तिघांकडंच दिसायची: फौजदार, ऊसतोडीचा मोठा मुकादम आणि एखादा बागायतदार. बाकीच्यांना राजदूत नाहीतर येझडी.

आणि इथं एक गंमत होती, जी तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. एस्कॉर्टची १७५ सीसी राजदूत काय, म्हैसूरची जावा आणि पुढं येझडी काय, सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांच्यात असे वॉलच नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं, पिस्टन वर-खाली होताना तीच भोकं झाकतो नि उघडतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा आणि चला. वीस-पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांतली पोरं या गाड्यांवर मिस्त्रीकी शिकली. प्लग साफ करायचा, पॉइंट घासायचा, सायलेन्सर जाळून त्यातला कार्बन काढायचा. टॅपेट हा शब्द त्यांनी ऐकलेला असायचा, पण त्याच्याशी कधी गाठ पडलेली नसायची. ते काम बुलेटवाल्यांचं.

बुलेटचं टॅपेट म्हणजे एक विधीच असायचा. गाडी आदल्या संध्याकाळी शेडात आणून लावायची, कारण इंजिन पुरतं थंड पाहिजे. पहाटे चाचा आधी डीकॉम्प्रेसरची वायर बघत. बुलेटला डाव्या मुठीजवळ एक छोटी दांडी असते, ती दाबली की धुराचा वॉल जरासा उचलला जातो आणि किक हलकी होते. ती वायर ताणलेली राहिली तर वॉल आधीच उचललेला असतो, मग तुम्ही फट कसलीही बसवा, ती खोटीच. वायरला थोडी ढील आहे याची खात्री झाली की प्लग काढायचा, गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. मला ते प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायला सांगायचे. "ढकललं का?" आतून हवा अंगठ्याला ढकलायला लागली की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय, दोन्ही वॉल मिटलेले आहेत. तिथून पिस्टन अगदी माथ्यावर आणायचा. मग उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण, एका नटवर बसणारं. ते काढलं की दोन्ही पुशरॉडची खालची टोकं दिसतात.

इथं पातं लागत नाही. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटची फट थंडपणी शून्य ठेवायची असते. शून्य म्हणजे घट्ट नव्हे. पुशरॉड चिमटीत धरली तर बोटानं गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पातळ पान्यांनी लॉकनट सोडायचा, खालचा स्क्रू जरा फिरवायचा, परत चिमटीत धरून बघायचं, लॉकनट आवळायचा, आणि आवळताना फट सरकते म्हणून परत बघायचं. मग चाकाला एक फेरा देऊन पुन्हा माथ्यावर आणून तिसऱ्यांदा बघायचं. शून्य का चालतं? तर या इंजिनात तापल्यावर सिलिंडर आणि हेड पुशरॉडपेक्षा जास्त वाढतात, त्यामुळं फट उलट उघडते. थंडपणी शून्य, गरमपणी थोडी ढिली. म्हणून बुलेटवरचे जुने मिस्त्री बोटांवर काम करायचे आणि त्यांना त्या बोटांचा फार अभिमान असायचा. चाचांकडं मात्र पात्यांचा जुडगा होताच, विहिरीवरचा. बुलेटला त्याचा उपयोग नव्हता तरी त्याला तेल लागतच होतं.

मग १९८५ साल आलं. हिरो होंडाची सीडी १००. इंजिन ९७ सीसीचं, चार स्ट्रोकचं, आणि आवाज जवळजवळ नाहीच. जाहिरात अशी की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. बोलणं पेट्रोलचं होतं, पण लोकांनी ते सगळ्या गाडीलाच लावलं. पहिली सीडी आमच्या रस्त्यानं गेली तेव्हा ती बंद पडून उतारावर घरंगळतेय असं वाटून एका शेतकऱ्यानं तिला ढकलायला हात पुढं केल्याची गोष्ट लोक सांगत. गोष्ट खरी-खोटी कोण जाणे, पण एवढं खरं की त्या गाडीनं लोकांचे कान बदलले. त्याआधी आवाज म्हणजे ताकद. राजदूतची फटफट दुरून ऐकली की दूधवाला आला म्हणून बायका चरव्या घेऊन दारात यायच्या. आता आवाज म्हणजे बिघाड, असं लोकांना वाटायला लागलं.

माझे धाकटे चुलते, आप्पा, वस्त्या-वस्त्यांवरचं दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर घालायचे. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. राजदूत पेट्रोल फार प्यायची, म्हणून त्यांनी १९८८ साली बँकेचं कर्ज काढून शंभर सीसीची फोर-स्ट्रोक घेतली. लिटरला राजदूतच्या दुपटीनं पळायची. हप्ता त्या वाचलेल्या पेट्रोलमधूनच जायचा, असा त्यांचा हिशोब, आणि वर्षभर तो चुकलाही नाही. मग वरून बारीक टिकटिक यायला लागली. खूप नाही, घड्याळाएवढी. पण शेजारच्या वस्तीवरच्याची गाडी गप्प होती आणि आप्पांची बोलत होती. ते त्यांच्या मनाला लागलं.

तालुक्याच्या गावात बुलेटचं एक नावाजलेलं दुकान होतं. आप्पा तिकडं गेले. तिथल्या मिस्त्रीनं हेडवरच्या टोप्या काढल्या आणि बुलेटवर करायचा तेच केलं: आर्म चिमटीत धरून फट शून्यावर आणली. तीही दुपारी, चाळीस किलोमीटर पळून आलेल्या गरम इंजिनावर. गाडी गप्प झाली. आप्पा इतके खूश की येताना पेढे घेऊन आले.

आता या जपानी इंजिनाची गोष्ट बुलेटच्या उलट. त्याचा कॅम वर हेडमध्येच बसवलेला. लांब पुशरॉड नाही, लोखंडी सिलिंडर वाढून फट उघडण्याचा तो हिशोबच इथं नाही. इथं देठ तापून वाढणार आणि त्याला जागा पाहिजे. ती जागा थंडपणी ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरच्या घरात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. तेवढीही न ठेवली तर धुराचा वॉल नीट मिटत नाही. आणि धुराच्या वॉलचं असं आहे की त्याला थंड व्हायला एकच मोठी वाट, ती म्हणजे बैठकीवर टेकणं. टेकला की त्याची आग हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर आग त्याच्यातच राहते, वर त्या बारीक सांदीतून प्रत्येक स्फोटाचा जाळ निसटत राहतो आणि वॉलची कड कुरतडतो. उंदरानं भाकरीची कड खावी तशी.

आप्पांना पहिल्यांदा कळलं ते किकवरून. "किक मऊ लागतेय रं," म्हणाले. दाब पळत होता. मग सकाळी चालू व्हायला दहा किका, मग तापल्यावर उभी केली की परत चालूच होईना. चढाला कॅन भरलेले असताना गाडी दम टाकायची. आवाज मात्र नव्हता, त्यामुळं दोष इंजिनाचा असेल हे त्यांच्या मनातच येईना. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे, प्लग खराब आहे, कार्बोरेटर भरलंय, असं करत महिना गेला. एका वैशाखातल्या सकाळी ते वाटेतच बंद पडले. बैलगाडी मिळून केंद्रावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. ऐंशी लिटर दूध फाटलं. केंद्रानं घेतलं नाही, घेणारही नव्हतं. ते दूध आमचं नव्हतं, अकरा घरांचं होतं, त्या सगळ्यांचे पैसे आप्पांच्या अंगावर आले. त्या महिन्यात बँकेचा हप्ता पहिल्यांदा थकला.

गाडी टेम्पोत घालून चाचांच्या शेडात आणली. चाचांनी ती त्या दिवशी उघडलीच नाही. "उद्या सकाळी. थंड हून दे." दुसऱ्या दिवशी टोप्या काढल्या, डाव्या बाजूचं झाकण काढून मॅग्नेटवरची टी ची खूण जुळवली, आणि कातडी पाकिटातून सगळ्यांत पातळ पातं काढलं. धुराच्या वॉलवर ते शिरेना. आर्म हातानं हलवून बघितला, हलेना. चाचा आप्पांना म्हणाले, "दादा, ह्याचं तोंड बांधलंय कुणीतरी."

हेड उतरवलं तेव्हा वॉलच्या कडेला नखाएवढा तुकडा खाल्लेला होता. तो वॉल टाकूनच द्यावा लागला. नवा आणला, आणि मग दुपारभर त्याची बैठक घासण्याचं काम चाललं. कडेला खरखरीत पेस्ट लावायची, वॉलच्या तोंडाला रबरी टोपीची काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून इकडून तिकडे फिरवायची. माझी आजी आली असती तर म्हणाली असती, ताक घुसळतोय. अगदी तीच हालचाल, रवीची. मधूनच काठी उचलून वॉल थोडा फिरवून परत ठेवायचा, म्हणजे एकाच जागी घासलं जात नाही. शेवटी दोन्ही कडांवर एकसारखा राखी पट्टा दिसायला लागला. मग स्प्रिंगा चढवून हेड आडवं धरलं, भोकात रॉकेल ओतलं आणि चहा प्यायला बसले. चहा संपेपर्यंत वॉलच्या कडेनं एक थेंब पाझरला नाही, तेव्हा चाचांनी हेड बसवायला घेतलं.

टॅपेट बसवताना त्यांनी आप्पांच्या हातात पातं दिलं. पातं फटीतून ओढताना किंचित चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे, लोण्यातून सुरी ओढावी तसं. अडलं तर घट्ट, सरसर आलं तर ढिलं. गाडी चालू केली तर टिकटिक होतीच, थोडी. आप्पांचा चेहरा पडला. चाचा हसले आणि म्हणाले, "बोलतंय तवर काळजी नाय. गप बसलं की मला बोलवा."

त्यातलं तथ्य मला पुढं इंजिनाची चित्रं बघताना कळलं. इंजिनात झीज दोन तऱ्हांची होते. आर्म, कॅम, स्क्रूचं टोक झिजलं तर फट वाढते आणि आवाज येतो. पण वॉल आणि त्याची बैठक झिजली तर वॉल आत खोल बसतो, देठ तेवढा वर येतो आणि फट आपोआप मिटत जाते. ही दुसरी झीज मुकी असते. ढिलं टॅपेट कानाला त्रास देतं, थोडी ताकद खातं, फार दिवस तसंच ठेवलं तर टोकं ठेचतं. घट्ट टॅपेट काहीच कळू देत नाही आणि वॉल जाळतं. पंप चालवणाऱ्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होतं, कारण त्यांची इंजिनं टकटकच करायची. गप्प इंजिन भेटल्यावर आमचे लोक फसले. बुलेटवाल्यांची बोटं तर जास्तच फसली, कारण ती बोटं खरोखर तयार होती, फक्त दुसऱ्या इंजिनासाठी.

पुढची दहा वर्षं आमच्या भागात हेच चाललं होतं. राजदूतवर शिकलेली पोरं फोर-स्ट्रोक उघडायला लागली. फिलर गेज प्रत्येकाकडं कुठून असणार? दाढीचं ब्लेड वापरायचे. ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा थोडी जास्तच. शहरातले लोक या ब्लेड मिस्त्र्यांना हसायचे, आणि त्यांच्या हातच्या गाड्या टकटक करायच्या हेही खरं. पण ब्लेडवर बसवलेल्या गाडीचा वॉल जळाल्याचं मला आठवत नाही. माझं मत विचाराल तर त्या काळात गावाकडच्या इंजिनांचं जेवढं भलं त्या ब्लेडनं केलं तेवढं नावाजलेल्या दुकानांनी केलं नाही.

मधेच एक अजब गाडी येऊन गेली. १९९३च्या सुमारास एन्फिल्डनं टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली, ग्रीव्हज लोम्बार्डिनीच्या ३२५ सीसी इंजिनावर. अशी छोटी डिझेल इंजिनं पाण्याच्या पंपावर चालायची. म्हणजे विहिरीवरचं इंजिन शेवटी मोटरसायकलवरच येऊन बसलं. आमच्याकडं एकच होती, एका आडत्याकडं. ती आली की चाचा हातातलं काम टाकून तिच्या आवाजाकडं कान देऊन उभे राहायचे.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल झालं. जुन्या पेट्रोलमधलं शिसं वॉलच्या बैठकीवर एक पातळ थर धरून तिला सांभाळायचं. ते गेल्यावर जुन्या इंजिनांच्या बैठका लवकर बसायला लागतील असं जाणती माणसं म्हणायची, आणि बैठक बसणं म्हणजे पुन्हा तीच मुकी झीज. चाचांनी तेव्हापासून जुन्या गाड्यांचं टॅपेट लवकर लवकर बघायचा नियम केला. दोन हजार दहाच्या आसपास नव्या बुलेटी ऑइलच्या दाबावर आपली फट आपणच भरणाऱ्या टॅपेटच्या आल्या. त्यांना झाकण उघडून चिमटीत धरायचं कामच उरलं नाही.

आप्पांनी ती शंभर सीसीची गाडी चौदा वर्षं चालवली. थकलेला हप्ता दिवाळीपर्यंत फिटला. अकरा घरांपैकी नऊ घरांनी दुधाचे पैसे उसाचं बिल येईपर्यंत मागितले नाहीत. चाचा आता नाहीत. शेडाच्या जागी पक्का गाळा आहे, चिंच रुंदीकरणात गेली. त्यांचा मुलगा तिथं काम करतो. कातडी पाकीट फाटलं म्हणून त्यानं पात्यांचा जुडगा दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलाय. गाड्या दिवसभर येतात-जातात, पण टॅपेटचं काम असेल तर अजूनही तो गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगतो.